बाद म्हणजे बॅड नव्हे

त्या वर्षी माझ्या वडिलांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तोही सिंगापूरमध्ये कोणाला धड ऐकू येत नव्हता. तो शब्द म्हणजे ‘बाद’.

आई गेल्यापासून बाबा दर वर्षी दोन-तीन महिने आमच्याकडे वुडलँड्सला यायचे. पुण्याचा फ्लॅट बंद करून, किल्ली शेजारच्यांकडे देऊन, भाजणीच्या आणि चटणीच्या पुड्या बॅगेत कोंबून. एका सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये चहा पिताना त्यांच्या हातातला ग्लास सुटला. तो उचलायला म्हणून ते वाकले आणि त्यांना परत सरळ होताच आलं नाही. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचाही गेली. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात आधी एक वॉर्ड झाला, मग दुसरा, आणि शेवटी आम्ही रिहॅबच्या वॉर्डात येऊन पडलो. तिथे मोठ्या माणसांना पुन्हा उठायला, गिळायला आणि बोलायला शिकवतात.

बोलायला शिकवणारी मुलगी इथलीच, चिनी, वयाने माझ्या निम्मी. प्रत्येक पेशंटला अंकल नाहीतर आंटी म्हणायची आणि कधी दमलेली दिसायची नाही, त्यामुळे मला तिचा थोडा रागच यायचा. ती बाबांना चित्रं दाखवायची. कप, कंगवा, मासा. बाबा प्रत्येक चित्राकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, “बाद.” जीभ जड झाली होती, शेवटचा द अर्धा ड व्हायचा. एक दिवस तिने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावलं.

“अंकल व्हेरी सॅड, इज इट?” ती म्हणाली. “एव्हरी पिक्चर ऑल्सो ही से बॅड. कप, बॅड. फिश, बॅड. आय आस्क हिम अबाउट मी, मी ऑल्सो बॅड.”

डॉक्टरांशी बोलून मन प्रसन्न राहण्याची एखादी गोळी सुरू करावी, असं तिचं म्हणणं होतं. मला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, आणि तेही आवरेना. मी तिला सांगितलं, अगं, तो बॅड नाही, बाद आहे. क्रिकेटमधला आउट.

“ओह, आउट!” ती म्हणाली आणि आणखीच घाबरली. “लाइक, गेट आउट, ही वॉन्ट मी टू गो?”

क्रिकेटचा गंध नसलेल्या माणसाला बाद ही गोष्ट समजावून सांगणं किती अवघड आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाबा आठवडाभर बँकेत कारकुनी करायचे आणि रविवारी क्लबच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. पांढरा कोट, चेंडू मोजायला खिशात सहा खडे, आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. मित्र असो, साहेब असो, बोट वर गेलं की गेलं. मी लहानपणी आमच्या सोसायटीत मुलांबरोबर खेळायचे, तिथेही पंच हेच. एकदा त्यांनी मला पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता, मी आजही शपथेवर सांगेन. मी हातपाय आपटले, “अहो बाबा, लागला होता ना!” म्हणून ओरडले. ते शांतपणे म्हणाले, “निर्णय झालाय. पंचाशी वाद घालायचा नसतो. चालू लाग.” घरी येऊन मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनीही समजूत काढली नाही. असा माणूस.

हसून झाल्यावर मी ट्रेनमध्ये बसले आणि तो शब्द मनात उलटसुलट करू लागले. बॅड असता तर परवडलं असतं. बॅड ही तक्रार आहे, तक्रारीवर गोळी मिळते. बाद हा निर्णय आहे, आणि तो ज्या माणसाने दिला होता त्याने जन्मात कधी निर्णय फिरवलेला नव्हता. सगळे शब्द पुसले गेल्यावर नेमका हाच का उरावा? मला वाटायला लागलं की बाबांनी स्वतःलाच बाद देऊन टाकलंय, आणि आता आम्ही खेळ कधी आटपतो याची ते फक्त वाट बघतायत.

माझं त्या वर्षीचं सगळं आयुष्य एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, एका लाल लाइनवर होतं. घर वुडलँड्सला, कारण तिथे भाडं त्यातल्या त्यात झेपतं. ऑफिस तोआ पायोहला. हॉस्पिटल त्याच्या पुढच्याच स्टेशनवर. सकाळी ऑफिसचं स्टेशन डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचं, नोव्हेनाला उतरायचं, बाबांना लापशी भरवायची, मग एक स्टेशन मागे यायचं आणि मीटिंगमध्ये बसून मान डोलवायची. संध्याकाळी तेच उलट. लोक म्हणायचे, किती करतेस गं. मला ते ऐकून बरं वाटायचं नाही, वीट यायचा. मी दमले होते. इतकी, की एस्कलेटरवर उभं असताना तो संपूच नये असं वाटायचं. आणि मनाच्या कोपऱ्यात हेही वाटायचं, की हे लवकर संपलं तर बरं. कसं संपावं ते मात्र मी स्वतःला विचारत नसे.

मग सोमवारची मीटिंग ठरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबा निदान हो आणि नाही एवढं जरी खात्रीने सांगू लागले, शब्दाने किंवा मान हलवून, कसंही, तरी उपचार पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे. नाहीतर रिहॅब इथेच थांबवायचं, आणि पुढे त्यांना कुठे ठेवायचं ते मी, त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, त्यांच्या वतीने ठरवायचं. पण बाबांची मान कशीही हलायची. चहा हवा का, बाद. नको का, बाद. त्यांना विचारण्यासारख्या शंभर गोष्टी होत्या आणि विचारायला काही मार्ग नव्हता.

बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक तैवानी आजोबा होते. खुब्याचं हाड मोडून आलेले. लेकीकडे राहायला आले होते आणि बाथरूममध्ये घसरले. इंग्रजी मोजकंच, बाबांपेक्षा थोडं जास्त. त्यांना बेसबॉलचं वेड होतं. तिकडे अमेरिकेत संध्याकाळी सामने सुरू होतात तेव्हा इथे सकाळ असते, त्यामुळे नाश्त्याच्या ताटाबरोबर त्यांचा टॅब्लेटही टेबलावर यायचा. आवाज बंद ठेवायची वॉर्डात सक्ती होती, पण त्यांचा स्वतःचा आवाज कोणी बंद करू शकत नव्हतं.

बाबांनी पहिले एक-दोन दिवस दुर्लक्ष केलं. मग मान तिरकी करून बघायला लागले. आणि एका सकाळी मी लापशीचा चमचा पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला, डावा हात खाटेच्या कठड्यावर आपटला आणि टॅब्लेटकडे बघत ओरडायला लागले, “बाद! बाद! बाद!” नर्स धावत आली. मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं. मघाशी जो बॅटर झेलबाद होऊन गेला होता, तो परत बॅट घेऊन उभा होता. बाबांच्या दृष्टीने हा शुद्ध चावटपणा चालला होता. बाद झालेला माणूस पुन्हा खेळायला आलाय आणि मैदानावर एकालाही त्याची लाज नाही.

शेजारच्या आजोबांना वाटलं, बाबा त्यांच्या संघाला शिव्या घालतायत. संघ हरतच होता. “येस, येस,” ते कळकळीने म्हणाले, “व्हेरी बॅड. टीम व्हेरी बॅड.” इथून त्या दोघांची मैत्री झाली. एक बाद म्हणायचा, दुसरा बॅड ऐकायचा, आणि दोघांचं अगदी एकमत असायचं.

मला मात्र त्या दिवशी हायसं वाटलं. हा माणूस गेलेला नव्हता. कोण बाद झालं आणि कोण नाही याचा हिशेब त्याच्या डोक्यात अजून चोख होता.

मी घरी नवऱ्याला सांगितलं की बाबांना बेसबॉल आवडायला लागलाय. तो म्हणाला, “काहीही काय? त्यात आहे काय बघण्यासारखं?” पुण्यात वाढलेला माणूस, क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ त्याला लहान मुलांचे वाटतात.

आणि मग मीटिंगच्या आदल्या दिवशीची, रविवारची सकाळ आली. वॉर्डात एका माणसाला सकाळपासून बसायची परवानगी होती, त्या खुर्चीत मी जवळजवळ झोपलेच होते. शेजारून आरोळी आली, “होम रन!” आजोबांच्या लाडक्या संघाच्या एका बॅटरने चेंडू कुंपणापलीकडे, थेट प्रेक्षकांत घालवला होता. बाबांनी सवयीने षटकाराची खूण करायला हात वर नेले. नेले म्हणजे, एकच गेला. उजवा मांडीवर पडून राहिला.

“बाबा, एक हात म्हणजे बाय झाली ना,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट पडद्याकडे वळले.

थोड्या वेळाने तोच माणूस परत आला आणि पुन्हा कुंपणापलीकडे. मग तिसऱ्यांदा. आता आजोबा खाटेवर बसते झाले, खुब्याचं दुखणं विसरून. बोटं दाखवून ते मला काहीतरी समजावत होते, तीन, मग चौथं बोट उचलून मोठ्ठे डोळे. मी नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं, इथे एक जण चौथा षटकार मारायच्या बेतात आहे आणि सगळा वॉर्ड गोळा झालाय.

“चार षटकार?” तो म्हणाला. “आपल्याकडे एका ओव्हरमध्ये सहा मारतात.”

माझी तार सटकली. मी म्हटलं, “तुला कळतंय का? तिथे षटकार मारला की तिथेच उभं राहून पुढचा चेंडू खेळता येत नाही. चार बेसना फेरी मारून घरी यायचं, बाकावर जाऊन बसायचं, बाकीचे आठ जण खेळून होईपर्यंत वाट बघायची. मग परत यायचं, थंड पडलेल्या हातांनी. सगळ्या सामन्यात मिळून चार-पाच वेळाच पाळी येते.” हे सगळं मी मघाशीच फोनवर वाचलं होतं, पण म्हटलं अशा थाटात की माझा जन्म त्यात गेलाय. तिथल्या मोठ्या लीगच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात एका सामन्यात चार होम रन मारणारे विसाच्या आसपास. पाच मारणारा अजून जन्मलेला नाही. दुर्मिळ म्हणावं तर त्याच वर्षी पुढे आणखी दोघांनी चार-चार मारले, पण ते मला नंतर कळलं, आणि तोवर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

“बरं, बरं,” नवरा म्हणाला. “तू जरा झोप काढ.”

सामना संपत आला होता. आजोबांचा संघ एका धावेने मागे, आणि तोच माणूस पुन्हा उभा. पोट सुटलेला, घामाने डबडबलेला, माझ्यासारखाच घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत असलेला, निदान मला तरी तसा दिसला. चेंडू उंच गेला. कुंपणाजवळ एक क्षेत्ररक्षक पाठ टेकून उडाला, त्याचा ग्लव्ह्ज घातलेला हात कुंपणावरून पलीकडे गेला आणि तो खाली पडला. कॅमेरा हलला, पडद्यावर काही धड दिसेना.

“आउट?” आजोबा किंचाळले. कोणाकडे बघावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी बाबांकडे बघितलं. “आउट? आउट?”

बाबा पडद्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता, कोणी अपील केल्यावर असाच व्हायचा. एक क्षण कसलीच घाई नाही. मग त्यांनी डोकं जरासं हलवलं आणि ओठ जुळवत, एकेक तुकडा तोंडातून ढकलत म्हणाले, “ना… बाद.”

रिप्ले नंतर दाखवला. चेंडू ग्लव्ह्जच्या वीतभर वरून गेला होता. आजोबा रडत होते, टाळ्या वाजवत होते, नर्सचा हात धरून चार बोटं नाचवत होते. मी मात्र बाबांकडेच बघत बसले होते. मला वाटलं मला भास झाला. मी विचारलं, “काय म्हणालात बाबा?” त्यांनी मान पुन्हा पडद्याकडे वळवली, त्यांना सामना बघायचा होता.

आणि एवढं होऊन तो संघ हरला. चौथ्या होम रनने नुसती बरोबरी झाली होती. सामना पुढे लांबला आणि समोरच्यांनी एक धाव जास्त काढली. आजोबांनी टॅब्लेटचं झाकण मिटलं. “फोर,” ते म्हणाले, “अँड लूज.” आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मला रडू आलं. त्या कोण कुठल्या माणसासाठी नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. माणसाने आणखी करायचं तरी काय? जे वीस-बावीस जणांना जमलं ते करून दाखवलं, तरी संध्याकाळी घरी जाताना हरलेलाच. मी बाबांचं पांघरूण सारखं केलं, त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लापशी पुसली आणि लाल लाइन पकडली. वाटेत मनात एकच चाललं होतं, हो आणि नाही त्यांना येत नसेल, बाद आणि नाबाद येतं.

सोमवारी त्या लहानशा खोलीत डॉक्टर होते, ती मुलगी होती, टेबलावर टिश्यूंचा डबा होता. बाबा व्हीलचेअरवर, केस विंचरलेले. मुलीने कपाचं चित्र पुढे धरलं. “अंकल, इज धिस अ कप?” बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं नाही, पण बघणार होते.

मी म्हटलं, मला एकदा विचारू दे. खुर्ची त्यांच्यासमोर ओढून घेतली. “बाबा, मी म्हणते हा कप आहे. तुम्ही पंच. बाद की नाबाद?”

त्यांनी चित्राकडे नीट बघितलं. मग, “ना… बाद.”

तेच चित्र. “मी म्हणते हा मासा आहे.”

“बाद.”

कंगवा दाखवून कंगवा म्हटलं, नाबाद. कंगवा दाखवून कप म्हटलं, बाद. एकदाही चुकले नाहीत. त्या मुलीने टाळ्याच वाजवल्या. “नॉट बॅड!” ती डॉक्टरांना म्हणाली. “अंकल से नॉट बॅड! यू हिअर ऑर नॉट?” ह्या वेळी मी तिला दुरुस्त केलं नाही. डॉक्टर हसले, उपचार चालू ठेवू म्हणाले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते पूर्ण उतरायच्या आत ते पुढे म्हणाले, आता त्यांनाच विचारा ना, इथून निघाल्यावर त्यांना कुठे राहायचंय.

ह्याच प्रश्नाची मला भीती होती. मी घरी सगळं ठरवून टाकलं होतं. माझ्या लेकीची खोली त्यांना द्यायची, बाथरूममध्ये कठडे बसवायचे, दिवसभरासाठी एक बाई बघायची. मी म्हटलं, “बाबा, आमच्याकडे राहायचं ना? वुडलँड्सला?”

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत माया होती, ती मी बघितली, त्याबद्दल मला शंका नाही. मग म्हणाले, “बाद.”

“पुण्याला जायचंय?”

“नाबाद.” एका दमात, तुकडा न पाडता. इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून झटक्यानंतर पहिल्यांदाच आला होता.

“अहो बाबा, तिथे कोण आहे तुमचं?” माझा आवाज चढला. “कोण बघणार तुम्हाला? मी इथे…” मी रागावले होते, दुखावले होते, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटत होतं, त्याची लाज वाटत होती. माझा प्रश्न बाद-नाबादचा नव्हता. त्यांनी फक्त डावा हात मांडीवरून उचलला. तो सावकाश वर येत गेला, आणि पंचाचं बोट सरळ झालं.

“व्हॉट अंकल सेइंग?” त्या मुलीने मला हळूच विचारलं.

“नॉट बॅड,” मी म्हटलं. मग उठले, त्यांच्या खुर्चीचा ब्रेक काढला आणि त्यांना घेऊन चालू लागले.